यार्डातलं बुजगावणं

दोन वर्षं खपून लवूने रेल्वेच्या शंटिंग यार्डाचं छोटं मॉडेल केलं होतं. तरी देवबागात लोक बघायला जायचे ते प्रीतमचंच. आज लवूही गेला, आणि बघताक्षणी त्याच्या पोटात दुखू लागलं.

टेबलावर मावणारं यार्ड. चिऱ्याची पूड चाळून रुळांखाली पसरलेली. इंजिन एकेक डबा ढकलत नेमक्या रुळावर नेऊन सोडत होतं. लवूचे डबे सांध्यावर हमखास घसरायचे.

रुळांलगत तळहाताएवढं भाताचं शेत होतं, आणि त्यात हात पसरलेलं इवलंसं बुजगावणं.

"दिष्ट लागा नये म्हणान उभा केलंय," प्रीतम म्हणाला. "बस हां, सरबत हाडतंय."

तो आत वळताच लवूने बुजगावणं उपटून खिशात कोंबलं. आता लागू दे दृष्ट! त्याने डोळे भरून यार्डाकडे बघितलं. धावतं इंजिन सांध्यावर खटकन घसरलं. लवूच्या जिवाला गारवा मिळाला.

मग त्याने खिशातला हात काढायला घेतला. पण हात खिशात नव्हताच. दोन्ही हात आडवे पसरले होते आणि खाली येत नव्हते. कमरेभोवती भात सळसळत होतं.

"लवू? खंय गेलस रे?" आवाज आभाळातून आला. लवूला ओ देता येईना.

प्रीतमने इंजिन उचलून रुळांवर ठेवलं आणि तो शेतावर वाकला.

"ह्या आसा मां जाग्यार," तो स्वतःशीच म्हणाला, आणि बोटाच्या टोकाने त्याने लवूच्या शर्टाची कॉलर सारखी केली.