पुरीभाजी निघाली किल्ल्याला

बस गेली तेव्हा झुंबर हॉटेलच्या मागच्या दारात उभा होता, दोन्ही हातांत पुरीभाजीच्या पिशव्या घेऊन. बस त्याच्याच नाशिककरांची होती. निघताना टूर मॅनेजर शुभांगीनं माणसं मोजली आणि ती बरोबर भरली. मोजणीत स्वयंपाकी धरत नाहीत.

लक्झेंबर्गच्या वाट्याला या सहलीत एकच दिवस होता. देशच केवढासा. आपल्या जिल्ह्यात पाच-सहा वेळा मावेल, असं गायधनी काका काल जेवताना म्हणाले होते. त्याहून जास्त कुणी काही सांगितलं नव्हतं.

सात देश झाले, पण झुंबरनं युरोप पाहिला तो तळघरातून. लोक राजवाड्यात असायचे तेव्हा हा कांद्यात असायचा. रात्री वाढताना तो प्रत्येकाला विचारायचा, आज काय पाहिलंत? लाखो रुपये भरून आलेली ती माणसं ताटातली मान वर न काढता सांगायची, "चांगलंय. स्वच्छ आहे." हॉटेलच्या वायफायवर तो तेवढंच घरी कळवायचा. सकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांमागे बसून त्याची बायको सगुणाबाई ते ऐकायची आणि शेजारणींना गाऊन दाखवायची:

सात देश हिंडला गं सखा माझा भरतार,
काय आणलं मोठं त्यानं? जळका एक कुकर.

या खेपेला निघताना तिनं बजावलं होतं, "स्वच्छ तर आपली मोरी पण हाय. तुमच्या डोळ्यांनी कायतरी बघून या. लोकांच्या डोळ्यांचं उष्टं मला नको."

पण आत्ता झुंबरला सगुणाबाई आठवत नव्हती, नोकरी आठवत होती. दुपारी सगळे किल्ल्यावर जेवायला बसणार आणि जेवण इथं, त्याच्या हातात. त्यानं शुभांगीला फोन लावून पाहिला, लागला नाही. हॉटेलबाहेर तर त्याचा फोन मुकाच. मग त्यानं काउंटरवरच्या मुलीला किल्ल्याचं चित्र दाखवलं. तिनं आधी रेल्वे, मग बस, असं कागदावर काढून दिलं. झुंबरनं रिकामा खिसा उलटा करून दाखवला. ती हसली आणि तिनं दाराकडे बोट केलं.

रेल्वेत तो दाराशीच उभा राहिला. कुणी पकडलंच तर पुऱ्या देऊन सुटू, असा त्याचा विचार. पकडायला कुणी आलंच नाही. पुढच्या बसमध्ये त्यानं ड्रायव्हरपुढे आपणहून पुरी धरली. ड्रायव्हरनं पुरी खाल्ली, तिकीट मात्र मागितलं नाही. शेवटी शेजारच्या म्हातारीनं हातवारे करून समजावलं, की या देशात रेल्वे, बस, सगळं सगळ्यांना फुकट. झुंबरला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

किल्ला होता. नाशिककर नव्हते. दरवाज्यावरच्या माणसानं झुंबरकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, पोटावरून हात फिरवला आणि परतीच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. मंडळी आली होती. जेवण नाही म्हटल्यावर तशीच माघारी फिरली होती.

झुंबर दगडी कठड्यावर बसला. नोकरी गेली, हे पक्कं झालं. आणि गेलेल्या नोकरीला कसली घाई? त्यानं डबा उघडला, पुरीत भाजी गुंडाळली आणि सात देशांत पहिल्यांदा मान वर केली.

खाली दरीत नदी होती. उतारावर गाई बसल्या होत्या, पंचवटीत रस्त्यात बसतात तशाच. फक्त इथं त्यांच्या नावानं कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. झुंबरनं फोन काढला. फोन मुका होता, पण बहिरा नव्हता. आवाज टिपायचं बटण दाबून झुंबर त्यात म्हणाला, "सगुणे, ऐक."

मग जी बस येईल तिच्यात तो चढला. शेतं गेली, कौलारू गावं गेली, गावागणिक चर्चचे टोकदार कळस गेले. मोझेल नदीच्या काठी द्राक्षमळे लागले, थेट दिंडोरीकडचे, फक्त डोंगराच्या भिंतीवर वाळत घातल्यासारखे. पलीकडच्या काठावर जर्मनी होता, पंचवटीतून जुनं नाशिक दिसावं इतक्या जवळ. झुंबरनं चपला काढून पाण्यात पाय सोडले आणि समोरच्या देशाला एक पुरी दाखवली. राजधानीत काचेची लिफ्ट निघाली, वरच्या शहरातून खालच्या दरीत उतरणारी. तीही फुकट. तो उगीचच वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आणि सगळं सगुणाबाईला सांगत राहिला. पाणी किती गार, उन्हाचा रंग कसा, म्हातारी कशी हसली.

संध्याकाळी तो हॉटेलवर आला तेव्हा सगळं नाशिक पायऱ्यांवर बसलेलं होतं. दुपारपासून ते तिथंच होते. स्वयंपाकी हरवला म्हणून शुभांगीनं पोलिसांत कळवलं होतं, आणि तो सापडेपर्यंत हलायला कुणी तयार नव्हतं. दिवसभर बिस्किटांवर काढला होता. उद्या पहाटे पुढचा देश. लक्झेंबर्ग म्हणून त्यांनी पाहिला तो हमरस्ता, एक दरवाजा आणि या पायऱ्या.

शुभांगी रागानं उठली. गायधनी काकांनी तिला हातानं अडवलं.

"जे काय बोलायचं ते नंतर. आधी त्याला कुकर लावू द्या."

वरण-भातावर सगळे तुटून पडले. पहिला घास पोटात गेल्यावर काकांनी ताटातली मान वर काढली. मग बाकीच्यांनीही काढली.

"झुंबर," काका म्हणाले, "कसं आहे हो लक्झेंबर्ग? घरी गेल्यावर काय सांगायचं आम्ही?"

झुंबरची पळी थांबली. खिशातल्या फोनला वायफाय सापडलं होतं. नदी, गाई, द्राक्षमळे, लिफ्ट, सगळं एकामागून एक पंचवटीकडे निघालं होतं. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, काकांच्या भातावर वरण घातलं.

"चांगलंय," तो म्हणाला. "स्वच्छ आहे."