शेवटी एक वजा

फ्रिज बंद करून आईनं इस्त्री लावली. दोन्ही एकदम चाललं की फ्यूज उडायचा, आणि फ्यूज उडाला असता तर आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बंद पडला असता. दूध नासलं तर नासू दे, असं घरात ठरलं होतं. ठरवलं तसं कुणीच नव्हतं.

कॉम्प्युटर मुलाचा. तो अपघातात गेला त्या दिवशी सकाळी त्यानं कॉम्प्युटरला एक संख्या मूळ आहे का ते तपासायला दिली होती. त्याला बरेच महिने झाले. कॉम्प्युटर अजून तपासत होता. कामात लक्ष असलेलं घरात तेवढंच एक उरलं होतं.

"ढापण्या, हळू बोल हं," आई मुलाच्या मित्राला म्हणाली. "त्याची आकडेमोड चाललीये."

मित्रानं चष्मा काढून पुसला. "काकू, तेच सांगायला आलोय. ती संख्या मूळ नाही निघाली. दुसऱ्या कुणालातरी तिचा विभाजक सापडला. निःशेष भाग जातो. आता हे बंद केलं तरी चालेल."

"थोडक्यात, नापास," बाबा पेपरातून म्हणाले.

"तसं नाही हो, काका. चार कोटी आकडी संख्या ती. असल्या लाखांत एखादीच मूळ निघते."

"पण होती कशी रे ती?" आईनं विचारलं. मुलाच्या मैत्रिणीची चौकशी करावी, तसं.

"दिसायला साधी. दोनाला दोनानं गुणत सुटायचं. कोट्यवधी वेळा. आणि शेवटी एक वजा करायचा."

"एक वजा कशाला?"

"नाही केला तर ती सम राहते ना. मग दोनानंच भाग जातो. तपासण्यासारखं काही उरतच नाही."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. "राहिली असती सम. काय बिघडलं असतं?"

मित्र गणितातला डॉक्टर होता.

तो उठून आतल्या खोलीत गेला. आई मागोमाग गेली. कॉम्प्युटरचा पंखा एकसुरात घोंघावत होता. मित्रानं बटणाकडे हात नेला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"ढापण्या, हा आवाजही जाईल का रे?"

"जाईल."

"मग दुसरी लावून दे ना एखादी."

मित्र खुर्ची ओढून बसला. बराच वेळ त्याला पडद्यावरचं काही दिसेना. चष्मा तर आत्ताच पुसला होता.

"लावतो," तो शेवटी म्हणाला. "केवढी लावू? लहान घेतली तर आठवड्यात उत्तर येईल."

बाबा दारात येऊन उभे होते. पेपर हातातच होता, घडी न घातलेला.

"उत्तराची घाई नाही," ते म्हणाले. "आम्हा दोघांना पुरून उरेल एवढी दे."