आपण पुण्याला जाणार?

म्हैस एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्या ट्रॅक्टरवर उड्या मारत होती आणि बँकेचे दोन जबाबदार अधिकारी श्वास रोखून तिच्याकडे बघत होते.

खेळ मोबाइलवरचा, अगदीच पोरकट. म्हशीच्या डोळ्यांवर गॉगल, पायांत घुंगरू. उडी गोपाळकृष्णांच्या अंगठ्याकडे, शेपटी राजलक्ष्मीच्या. शेपटीने कावळे हाकलायचे. चुकलं की म्हैस डबक्यात पडायची आणि गळा काढून रेकायची. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं अकरा महिने अशीच गेली होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना हे शोभत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर खेळ रेकॉर्ड रूममध्ये चालायचा.

दोन बँका एक झाल्या तेव्हा कामाची घडी बसवायला राजलक्ष्मी पुण्याहून ग्वाल्हेरला आली. जयेंद्रगंजच्या शाखेत पहिल्याच दिवशी गोपाळकृष्णांनी तिला विचारलं होतं, "आपण चहा घेणार?"

"घेऊ या की!" ती म्हणाली. चहा एकच आला. ते चहा पीतच नव्हते. जुन्या कारकून शांताताई पोट धरून हसल्या. "अहो मॅडम, आमच्याकडे 'आपण' म्हणजे तुम्ही. हिंदीतलं 'आप' असतं ना, तेच. ह्यांचे पणजोबा दरबारात होते, ती अदब अजून गेलेली नाही."

तिला कळलं. पण कळलं म्हणून कान थोडेच ऐकतात? 'आपण जेवणार?' 'आपण रविवारी किल्ला बघायला जाणार?' प्रत्येक वेळी तिला आधी दोघं ऐकू यायची, आणि मग ती एकटी उरायची. त्या मधल्या क्षणाची तिला चटक लागली होती. खरं सांगायचं तर त्या माणसावर तिचा जीव जडला होता.

आता जयेंद्रगंजची शाखा पाटणकर बाजारच्या शाखेत मिसळणार होती. कुठे बदली हवी ते प्रत्येकाने एका फॉर्मवर लिहून आजच द्यायचं होतं. राजलक्ष्मीचा फॉर्म मांडीवर कोराच होता. पुण्यात तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. 'इथेच राहा' असं एकाच माणसाने म्हणायचा अवकाश, तिने डोळे मिटून 'ग्वाल्हेर' लिहिलं असतं.

"आजोबांचं दरबारातलं खातं संस्थानाबरोबर विलीन झालं, आता माझी शाखा," गोपाळकृष्ण म्हणाले. "आमच्या घराण्याला सवय आहे, राजलक्ष्मीजी." घराणं म्हणजे ते आणि त्यांची आई, एवढंच उरलं होतं. त्यांचाही फॉर्म कोराच होता.

तेवढ्यात म्हैस डबक्यात पडली. चूक त्यांची. उडी मारायचंच राहून गेलं होतं. फोनवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मग... आपण पुण्याला जाणार?"

तिला आधी दोघं ऐकू आली, आणि या वेळी ती तिथेच थांबली. समोर दोन कोरे फॉर्म होते. त्यांचा आवाज कापत होता. परक्या बाईच्या बदलीची चौकशी करताना कुणाचा आवाज असा कापतो का?

"हो! जाणार! जाणारच!" ती म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. फोनवरच कागद ठेवून तिने ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं, पुणे.

ते तिच्या हसण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, आपला फॉर्म भिंतीला टेकवून भरला आणि म्हणाले, "अभिनंदन."

कसलं अभिनंदन, हे विचारायच्या आत शांताताई दारात उभ्या. "द्या, द्या. एकदा पोर्टलवर चढवलं की बदल नाही हं. फिर मुझे मत कहना." त्यांनी दोन्ही कागद घेतले आणि खात्री करायला मोठ्याने वाचले. "मॅडम, पुणे. गोपाळराव, ग्वाल्हेर. बरोबर ना?"

"बरोबर," गोपाळकृष्ण म्हणाले.

राजलक्ष्मीने कागदासाठी हात पुढे केला, तोवर शांताताई गेल्या. लगेच बाहेरून त्यांचा आवाज आला, "चढले, दोन्ही चढले!"

"तुम्ही ग्वाल्हेर लिहिलंत?" तिने विचारलं.

"आई हे गाव सोडणार नाही. आणि आपण एवढ्या खूश झालात, मी कशाला आड येऊ? आपण राहणार म्हणाल्या असतात, तर मी..." त्यांनी फोन बंद करून तिच्यासमोर ठेवला.

आता तिला सगळं कळलं. अकरा महिने ज्या एका शब्दाने लाड केले, त्यानेच आज बुडवलं होतं. तिने फायलींच्या कपाटाकडे तोंड फिरवलं.

"आज तरी 'तुम्ही' म्हणायचं होतंत, गोपाळराव," ती तशीच म्हणाली. "एकदाच."

ते गोंधळले. काहीतरी भलतंच बोलून गेल्यासारखे त्यांचे हात कानांच्या पाळ्यांकडे गेले.

"आपल्याला?" ते म्हणाले. "छे, छे. आपल्याला 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ कशी वळेल?"