पांढऱ्या अल्टोचं गिऱ्हाईक

"अ‍ॅडव्हान्स नको म्हणजे नको," सुलाबाई फोनवर म्हणाल्या. "गाडी बघायच्या आधी मी कुणाचा रुपया घेत नाय."

"काकू, लोकं अ‍ॅडव्हान्ससाठी मागं लागतात," पलीकडून धनराज म्हणाला. तो नांदेडचा. "तुम्ही उलटं करायलात. निदान खाते नंबर तरी सांगा की."

"खाते नंबर तर अजिबात नाय!"

असा ठसका दिला की पलीकडे धनराज हसायलाच लागला. "बरं, उद्या बोलू."

"सातला कर. दिवा लावून झालेला असतो माझा."

फोन ठेवला आणि इंदिरानगरातला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुन्हा गप्प झाला. यादवराव गेल्यापासून हा फोन वाजायचा तो कर्ज घ्या म्हणणाऱ्या पोरींचा, नाहीतर रविवारी लेकाचा, सुनीलचा, कॅनडातून. सुनील तब्येत विचारायचा, गोळ्या विचारायचा, आणि मग त्याला मीटिंग असायची. निफाडचं गाव सुटलं तशी माणसंही सुटली. कधीकधी अख्खा दिवस जायचा आणि संध्याकाळी दूधवाल्याला "पिशवी ठेव" म्हणताना बाईंना स्वतःचाच आवाज ओळखू यायचा नाही.

मग त्यांनी मोबाइलवर जाहिरात टाकली. पांढरी अल्टो. फोटो दसऱ्याचा, बॉनेटवर झेंडूचा हार. आणि फोन वाजायला लागला! बाकीची गिऱ्हाइकं किंमत पाडून बघायची आणि पळायची. धनराज तेवढा टिकला.

"नांदेडात गाड्या संपल्या का बाई?" जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर सिंधुबाईंनी नाक मुरडलं. या बाकावरचीच ओळख, पण सल्ला द्यायला घरच्यासारख्या. "तो तुझं खातं साफ करणार बघ. मग बस कपाळाला हात लावून."

"मी काय कुक्कुलं बाळ हाय? ज्येष्ठ नागरिक संघात तो सायबरवाला साहेब येऊन गेला ना, त्याचं सगळं पाठ हाय मला. कुणी पाठवलेला कोड स्कॅन करायचा नाय. ओटीपी द्यायचा नाय. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला तरी बँकेत विचारल्याशिवाय किल्ली सोडायची नाय."

"मग रोज अर्धा अर्धा तास काय बोलता तुम्ही?"

"हेच. एकेका दिवशी एकेक."

सिंधुबाईंनी तिरकं बघितलं. "तुला ती गाडी विकायची हाय का नाय गं?"

सुलाबाई खोकल्याचं निमित्त करून उठल्या.

सौदा झाला की फोन बंद, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्या अडचणी पुरवून पुरवून वापरायच्या. तो चेक देतो म्हणाला, तर चेक वटेपर्यंत गाडी हलायची नाय. रोख आणतो म्हणाला, तर नकली नोटा ओळखायला माझे डोळे कुठं राहिले? आणि मधल्या वेळात गाडीचं कौतुक.

"सप्तशृंगीचा घाट चढलीय ती, चौथ्या गिअरात! आणि आमच्या निफाडला उसातनं बिबट्या आला, तो रात्रभर हिच्या बॉनेटवर झोपला. सकाळी ह्यांनी हॉर्न दिला, तर जांभई देऊन उतरला."

"तरीच म्हणलं," धनराज खो खो हसला, "बॉनेटवर ते ओरखडे कशाचे."

फोटोत दिसले असतील, बाईंना वाटलं. त्यांनी लगेच बिबट्याला दोन पिल्लं जोडून दिली.

एका मंगळवारी मात्र धनराजनं गप्पा मारल्याच नाहीत.

"काकू, परवा येतो. तुमच्याच बँकेत, तुमच्यासमोर काउंटरवरून पैसे टाकतो. मॅनेजर स्वतः म्हणाला जमा झाले, तरच सह्या करा, तरच किल्ली द्या. आता तर भ्या नाही ना?"

बाईंनी अडचण शोधली. एकही उरली नव्हती. सायबरवाला साहेब नेमकं हेच करा म्हणाला होता.

"ये मग," तोंडातून निघून गेलं.

नंबर ब्लॉक करून टाकावा म्हणून त्यांनी दोनदा बोट नेलं, दोनदा मागं घेतलं. बुधवारी सात वाजले, फोन आला नाही. येणारच आहे तर कशाला करेल? बाई मोबाइल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आता रोज असंच, त्यांनी स्वतःला बजावलं.

गुरुवारी त्यांनी काळ्या मसाल्याची शेवभाजी केली, भाकरी थापल्या. बेल वाजली. दारात प्रवासानं चुरगळलेल्या शर्टातला तिशीचा माणूस.

"काकू?"

आवाज तोच. बाईंनी दार सताड उघडलं. "आधी जेव. बँक काही पळून जात नाय."

तो पोटभर जेवला. हात धुऊन म्हणाला, "निघायचं मग?"

बाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"गाडी नाय रे बाबा. हे गेले आणि सुनीलनं महिन्याच्या आत ती एजंटला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाय. माझ्याजवळ फोटो तेवढा राहिला. कुणीतरी दोन शब्द बोलावं म्हणून टाकला मी तो. तुला एवढ्या लांबनं हेलपाटा घालायला लावला. पोलिसात द्यायचं तर खुशाल दे."

"द्यायचंच होतं," धनराज म्हणाला. "अ‍ॅडव्हान्स घ्या, खाते नंबर द्या म्हणून रोज मागं लागायलो ते तुम्हाला पकडायलाच. तुम्ही घेईनातच!"

"मला पकडायला? मी तुझं काय घेतलं होतं रे?"

"काही नाही. पण त्या एजंटाकडून ती अल्टो मीच घेतली, काकू. जाहिरातीतल्या फोटोत नंबरप्लेट दिसली, तेव्हा माझीच गाडी मला विकायला कोण निघालंय, ते बघायला पहिला फोन केला होता."