शब्दाला शब्द

“बाय, तुजं काय, टायपिंगच ना?” असं टायपिस्ट विनिताला म्हणून काशिराम शेठनी मॅनेजरच्या खुर्चीत आपल्या पुतण्याला, कल्पेशला, बसवून टाकलं. चहावाल्या शकूने पेढे वाटले. विनिताने एक घेतला, गिळला आणि हसली.

पाच वर्षं तिचा त्या खुर्चीवर डोळा होता. शेठ मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे कोळी. पनवेलला ऑफिस, तळोज्याला शीतगृह, आणि गोठवलेली वाकटी मासळी थेट कोरियाला. तिथे सगळा माल एकच माणूस घेई, पुसानचे मिस्टर पार्क.

त्यांना जाणारी मेल शेठ तोंडी सांगत. “लिव, मासली ताजी हाय, उगाच बोंबलू नको.” एम.ए. इंग्लिश झालेली विनिता त्याचं ‘वुई अर्नेस्टली सॉलिसिट युवर काइंड फोरबेअरन्स’ करी. पार्कसाहेबांचं उत्तर आठ-आठ दिवसांनी येई, तेही ‘नोटेड, थँक यू’ एवढंच.

“माझं इंग्रजी पचायला त्यांना वेळ लागतो,” विनिता खारघरच्या मैत्रिणींना सांगे.

पेढ्यांच्या दुसऱ्याच दिवशी कराराच्या नूतनीकरणाची मेल जायची होती. करार हातचा गेला तर शीतगृहात नुसता बर्फ उरला असता.

“लिव तुजं काय ते,” शेठ म्हणाले.

“मी कोण लिहिणार, शेठ? माझं टायपिंग. तुम्हीच सांगा इंग्रजीत. मी शब्दाला शब्द बडवते.”

शेठना टोमणा कळला नाही, मान मात्र कळला. त्यांनी छाती फुगवली.

“लिव. डिअर पार्क. फिश गुड. आइस मच. स्मेल नो. लास्ट टाइम यू टॉक बॅड, आय नॉट लाइक. यू टेक, टेक. नो टेक, फास्ट टेल. अदर पार्टी डोअर स्टँडिंग.”

‘इज’ कुठेच नव्हतं, ‘द’ तर औषधालाही नव्हता. विनिताने एक स्वल्पविरामसुद्धा पदरचा घातला नाही. सेंडचं बटण दाबताना तिला असं गार वाटलं की पंखा बंद केला तरी चाललं असतं.

शकूचा चहा यायच्या आतच उत्तर आलं.

एवढ्या झटपट नकारच येतो, हे विनिताला ठाऊक होतं. तिने कल्पेशला बोलावलं, शकूला थांबवलं, दारातल्या हमालांनाही आत घेतलं.

“शेठ, सगळ्यांसमोर वाचते. मराठीत सांगते, काही न गाळता.”

“वाच की! शब्दाला शब्द.”

“‘प्रिय काशिराम शेठ,’” विनिताने आवाज लावला, “‘तुमची मेल मिळाली. पाच वर्षांत पहिल्यांदाच...’” ती चवीने थांबली आणि पुढची ओळ पाहिली. “‘...मला सगळं समजलं.’”

शेठनी मिशीवर हात फिरवला.

“जोरान् वाच, बाय. शकूला आयकू येत नाय.”

“‘मासे चांगले. बर्फ चांगला. करार तीन वर्षांचा पक्का. माझं इंग्रजी तुमच्याइतकंच. आधीच्या मेल्स मी मेव्हण्याकडे नेत असे. तो शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यालाही आठ दिवस लागत.’”

विनिता थांबली.

“सपला?” शेठनी विचारलं.

“सपलाच म्हणायचं, शेठ.”

“अजून एक ओळ आहे, मॅडम,” कल्पेश नवी खुर्ची सरकवत तिच्या खांद्यावरून वाकला. “राहिली वाटतं.”

हमाल कान देऊन उभे होते. विनिताने वाचलं.

“‘आधीच्या मेल्स लिहिणाऱ्याला कामावरून काढू नका. आमच्याकडे अशा माणसाला मॅनेजर करतात, म्हणजे त्याला काही लिहावं लागत नाही.’”