जुने प्लग

पिकअप दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली होती. सपाटीवर ठीक चालायची, पण चढ लागला की धापा टाकायची. शेवटी नवऱ्याने चारही स्पार्क प्लग बदलायला घेतले. टॉर्च धरायला नेहमीप्रमाणे ती.

"नीट धर. आठ वर्षांत तेवढंही जमेना तुला."

नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, आटे बसले की मगच पाना लावायचा. तो करत होता, ती बघत होती. जुने चार प्लग त्याने भंगाराच्या डब्यात भिरकावले. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

तेवढ्यात त्याचा मित्र मोटरसायकल घेऊन आला. दोघं दोन दिवसांसाठी बाहेरगावी निघाले होते. नवऱ्याने किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. मग घराबाहेर पडताना दर वेळी करायचा तेच केलं. चारही नवे प्लग काढले, फडक्यात गुंडाळले आणि खिशात घातले.

"आता हे कशाला?" मित्राने विचारलं.

"प्लगशिवाय गाडी जागची हलत नाही."

"अरे, पण इथे माळावर कोण चोर येतोय?"

तो तिच्याकडे बघून नुसता हसला.

मोटरसायकलचा आवाज पार विरल्यावर तिने टॉर्च दातांत धरली, भंगाराचा डबा पालथा केला आणि पहिला जुना प्लग बोटांनी फिरवायला घेतला. बस स्टँडपर्यंतचा रस्ता सगळा उताराचाच होता.