पापाचा बकरा

शालिकरामभाऊंच्या घरी वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं, तरी चूक भाऊंचीच निघायची. नळ गेला तरी त्यांचीच. त्यामुळे परीक्षेचं इंग्रजी घोकता घोकता नात अपेक्षा एकदम ओरडली, "आबा, तुमच्यासाठीच शब्द सापडला! स्केपगोट!"

"म्हंजे बळीचा बकरा काय वं?"

"नाही न आबा. बायबलात दोन बकरे असतात. एकाले कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर साऱ्याइचं पाप ठेवतात अन् त्याले रानात सोडून देतात. म्हणून ज्याच्यावर सारे आपला दोष ढकलतात, त्याले स्केपगोट म्हणतात."

भाऊंनी चष्मा काढला. "रानात एकटाच?"

"एकटाच."

"अन् मांगून कोनी आवाज नाही देत?"

"कोनीच नाही."

भाऊंनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोची, शकुनबाईंची, लसूण सोलणारी बोटं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी चटणी वाटता वाटता मिक्सर जळाला. घरभर धूर झाला. कोणी काही बोलायच्या आत भाऊ कपड्यांची पिशवी घेऊन हजर. "मीच जाळला! साऱ्याइचं पाप टाका माह्या डोक्यावर, अन् मले आठ दिवस सेमाडोहच्या जंगलात सोडून द्या!"



"खोटं कायले बोलून राह्यले? मीच जाळला!" बेचाळीस वर्षांच्या संसारात शकुनबाईंनी पहिल्यांदाच चूक कबूल केली, आणि आपली भरलेली पिशवी उचलून त्या भाऊंच्या आधी दाराबाहेर पडल्या.